तुसाची किंमत आचेवर ठरते

गैरसमज : मिथेनचे ‘स्वच्छ ज्वलन’ म्हणजे कार्बन डायऑक्साइडच न निघणे.
वस्तुस्थिती : मिथेनचा एक रेणू पुरता जळला की कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतातच. स्वच्छतेची कसोटी वेगळी आहे. ज्योतीचे तापमान १५०० अंशांपलीकडे गेले की हवेतला नायट्रोजनही ऑक्सिजनशी जुळतो आणि विषारी ऑक्साइडे बनतात. उलट ज्वलन अर्धवट राहिले तर मिथेन तसाच सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट तापमानवाढ करतो. पॅलेडियमसारखा उत्प्रेरक हेच काम ज्योतीविना, सुमारे ४०० ते ६०० अंशांवर करतो, त्यामुळे दोन्ही संकटे टळतात.

गैरसमज : काम उत्प्रेरक करतो, आधारद्रव्य केवळ बैठक.
वस्तुस्थिती : पॅलेडियम महाग असते आणि त्याचा फक्त पृष्ठभागच उपयोगी पडतो. म्हणून त्याचे अतिसूक्ष्म कण सच्छिद्र आधारावर पसरावे लागतात. नारळाच्या करवंटीचा कोळसा सच्छिद्र असला तरी इथे निरुपयोगी, कारण तापलेल्या ऑक्सिजनमध्ये तो स्वतःच जळून जाईल. भाताच्या तुसाचे तसे नाही. रोप मातीतली सिलिका पाण्यावाटे शोषून कवचात साठवते. १०० किलो भात भरडले की साधारण २० किलो तूस निघते, ते जाळल्यावर साडेतीन-चार किलो राख उरते आणि तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. सिलिका जळत नाही.

गैरसमज : तुसाची कोणतीही राख चालते, आणि तिने उत्प्रेरक स्वस्त होतो.
वस्तुस्थिती : भंडारा-गोंदियातल्या राइस मिलच्या बॉयलरमधली काळी राख जशीच्या तशी चालत नाही. तुसातले पोटॅशियम सिलिकेला लवकर वितळवते आणि कार्बन आत कोंडून ठेवते, म्हणून तूस आधी सौम्य आम्लाने धुवावे लागते. मग ते ७०० अंशांच्या आत जाळले तर सिलिका अस्फटिक राहते आणि एका ग्रॅमला दोनशे चौरस मीटरपेक्षाही जास्त पृष्ठभाग मिळू शकतो. आच वाढली की सिलिका स्फटिकरूप होते, छिद्रे मिटतात आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक ठरते. बाजारात तयार अॅल्युमिना असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. अॅल्युमिना पॅलेडियमला अधिक घट्ट धरते. सिलिकेवर उष्णतेने आणि वाफेने कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून तिच्यात सेरिया किंवा झिर्कोनिया मिसळून पाहतात. खर्चाचा मोठा वाटाही पॅलेडियमचाच राहतो. खरा लाभ दुसरीकडे आहे : वाळू आणि सोडा हजार अंशांहून जास्त तापवून सिलिका काढण्याची गरज उरत नाही, शिवाय तूस जळताना स्वतःच उष्णता देते. त्यामुळे ‘कचऱ्यापासून उत्प्रेरक’ अशी बातमी वाचलीत, तर तीनच प्रश्न विचारा : तूस धुतले होते का, किती अंशांवर जाळले, आणि वाफेत तो उत्प्रेरक किती तास टिकला?