सहा फूट जाडीच्या भिंतीची इमारत

अमेरिकेतील शिकागो शहरात मोनॅडनॉक नावाची एक सोळा मजली इमारत आहे. तिचा उत्तरेकडील अर्धा भाग १८९१ साली पुरा झाला. या भागाच्या बाहेरच्या भिंती तळमजल्यावर तब्बल सहा फूट जाड आहेत! कचेऱ्यांच्या इमारतीला किल्ल्याच्या तटासारखी भिंत कशाला हवी?

थोडे गणित करू. ही इमारत सुमारे ६५ मीटर उंच आहे. एक घनमीटर विटकामाचे वजन साधारण १,९०० किलोग्रॅम भरते. म्हणजे भिंतीच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १२ किलोग्रॅम भार नुसत्या विटांचाच पडेल. गंमत अशी, की भिंत वरपासून खालपर्यंत सारखीच जाड केली, तर हा भार मुळीच कमी होत नाही. जाडीबरोबर वजनही वाढते. शिवाय प्रत्येक मजल्याच्या जमिनीचा भार आहे, वाऱ्याचा रेटा आहे. म्हणून भिंत वर पातळ व खाली जाड करावी लागते. मोनॅडनॉकची भिंत माथ्याशी अवघी दीड फूट आहे.

वास्तुशिल्पज्ञ जॉन रूट यांच्यापुढे याहून बिकट अडचण होती ती जमिनीची. शिकागोच्या पोटात मऊ चिकणमाती आहे. खडक लागतो तो बऱ्याच खोलवर. चिखलातून जाताना आपण फळी टाकतो, म्हणजे वजन पसरते व पाय रुतत नाही. रूट यांनी हीच युक्ती योजली. पोलादी तुळया काँक्रीटमध्ये बसवून केलेला रुंद पाया त्यांनी रस्त्याखालीही पसरविला. इमारत आठ इंच खचेल असा अंदाज होता. पुढे ती वीस इंच खचली! तरीही ती उभी आहे. सगळी इमारत सारखी खचली तर फारसे बिघडत नाही. एक कोपरा अधिक खचला की भिंतींना तडे जातात.

खरे तर निराळी वाट तेव्हा ठाऊक झाली होती. विल्यम ल बॅरन जेनी यांनी १८८५ साली याच शहरात होम इन्शुरन्स ही दहा मजली इमारत धातूच्या सांगाड्यावर उभारली होती. सांगाड्याच्या इमारतीत भार खांब व तुळया वाहतात. भिंतीचे काम फक्त ऊनपाऊस अडविण्याचे. त्यामुळे ती पातळ चालते, खिडक्या मोठ्या ठेवता येतात आणि तळमजल्यावरची मोलाची जागा विटांत जात नाही.

१८९३ साली मोनॅडनॉकला दक्षिणेकडे जोड दिली गेली, तेव्हा हॉलबर्ड आणि रोश या वास्तुशिल्पज्ञांनी पोलादी सांगाडाच पत्करला. मधे गेली फक्त दोन वर्षे! जेनी यांची इमारत १९३१ साली पाडण्यात आली. मोनॅडनॉकला मात्र १९७३ साली शिकागो शहराने ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण दिले. त्यामुळे बांधकामाच्या या दोन्ही रीती तेथे एकाच छपराखाली, एकमेकींना खेटून पाहावयास मिळतात.