लेखामागचे पान

विकिपीडियावरच्या प्रत्येक लेखाच्या पाठीला पाठ लावून दुसरे एक पान असते. शीर्षकापाशी 'लेख' आणि 'चर्चा' अशा दोन खुणा दिसतात आणि बहुतेक वाचक दुसऱ्या खुणेकडे फिरकतही नाहीत. या चर्चापानावर विषयाची माहिती नसते, त्या माहितीवरची भांडणे असतात. अमुक साल कुठून आणले, तमुक परिच्छेद का उडवला, हा शब्द जाहिरातीचा वाटतो, तो शिवीसारखा लागतो. लेखात जे छापल्यासारखे ठाम दिसते, ते इथे अजून ओले असते.

छापील कोशांनाही असे वाद चुकले नाहीत. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड असोत किंवा वाईला लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश असो, नोंद कोणी लिहावी, किती लिहावी, काय गाळावे यावर खल झालाच. मात्र तो बैठकींत आणि पत्रव्यवहारात राहिला. खंड हातात पडला तेव्हा वाचकाला निकाल दिसला, सुनावणी दिसली नाही. विकिपीडियाने ती सुनावणी उघड्यावर आणली, आणि तीही फारसे ठरवून नव्हे.

विकिपीडियाच्या आधी, २००० साली, जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा कोश सुरू केला होता. त्यात तज्ज्ञांनी लिहायचे आणि लेख तपासणीच्या सात पायऱ्या चढून प्रसिद्ध व्हायचा. पहिल्या वर्षात लेखांची संख्या जेमतेम विशीला टेकली. मग १५ जानेवारी २००१ रोजी 'विकी' पद्धतीचे, म्हणजे कोणीही येऊन पान बदलू शकेल असे, संकेतस्थळ जोडीला काढले गेले. ही पद्धत वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरने १९९५ साली आणली होती. होनोलुलूच्या विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून, म्हणजे हवाई भाषेत 'झटपट' बसवरून, त्याने हे नाव घेतले. लेख झटपट वाढू लागले, तसे मतभेदही वाढले. सुरुवातीला शेरे लेखाच्याच पोटात पडत, त्यामुळे वाचणाऱ्याला माहिती कुठली आणि कुरबूर कुठली ते कळेना. म्हणून लेखाला जोडून एक उपपान काढायची रीत पडली. जानेवारी २००२ मध्ये मॅग्नस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने लिहिलेली नवी आज्ञावली लागू झाली, तेव्हापासून चर्चेला स्वतंत्र नामविश्व, म्हणजे पानांचा वेगळा कप्पा, मिळाले आणि प्रत्येक लेखाला आपोआप चर्चापान आले.

या पानाची शिस्त साधी आहे. नवा मुद्दा सगळ्यात खाली, नव्या मथळ्याखाली मांडायचा. उत्तर द्यायचे तर ओळीच्या आरंभी विसर्गचिन्हासारखे दोन टिंब टाकायचे, की मजकूर एक पायरी आत सरकतो. उत्तराला उत्तर असेल तर आणखी एक पायरी. वाद रंगला की मजकूर सरकत सरकत उजव्या कडेला लागतो आणि कोणीतरी 'पुन्हा डावीकडून' म्हणून नवी ओळ धरतो. शेवटी चार नागमोडी रेघा टंकल्या की त्यांच्या जागी सदस्याचे नाव, तारीख आणि वेळ उमटते. सही विसरणाऱ्याच्या मजकुराखाली इंग्रजी विकिपीडियावर एक सांगकाम्या, म्हणजे यंत्रवत कामे उरकणारी आज्ञावली, त्याचे नाव मुकाट्याने लावून जाते. आता उत्तरासाठी बटण आले आहे आणि टिंबे मोजायची गरज उरलेली नाही. जुने सदस्य मात्र अजून हातानेच टिंबे टाकतात.

एक काल्पनिक उदाहरण घेतले की काम कसे चालते ते कळेल. समजा, संगीत नाटकांतल्या एका जुन्या नटाच्या लेखात, एका चरित्रकोशाच्या आधाराने, जन्मसाल १८८८ आहे. एक नवा सदस्य ते १८८९ करतो आणि कारणाच्या रकान्यात 'घरच्यांकडून खात्री केली' असे लिहितो. तासाभरात दुसरा सदस्य तो बदल उलटवतो आणि चर्चापानावर लिहितो : 'नमस्कार. आपले साल बरोबर असेलही, पण घरच्यांनी सांगितले हा संदर्भ इथे धरता येत नाही. कुठे छापून आले आहे का?' पहिला चिडतो : 'मी त्यांचा पणतू आहे. माझ्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक असणार?' इथवर गाडी भांडणाच्याच रुळावर आहे. मग तिसराच कोणी जन्मशताब्दीच्या स्मरणिकेतले पान घेऊन येतो. त्यात जन्मतिथी दिलेली आहे : शके १८१०, पौष वद्य पंचमी. शकात ७८ मिळवले की १८८८ येतात, आणि चरित्रकोशाने तेच केले असणार. पण त्या शकाचा पौष वद्य जानेवारीत पडतो, तेव्हा ७९ मिळवायला हवेत. लेखात १८८९ येते, तळटीपेत तिथी आणि हिशेब येतो. पणतूचे म्हणणे खरे ठरले, पण नात्यामुळे नव्हे, तिथीमुळे.

या छोट्या प्रसंगात विकिपीडियाचे तीन पायाभूत नियम येऊन गेले आहेत. मजकूर पडताळता आला पाहिजे, लेखकाने स्वतःचे नवे संशोधन त्यात घालू नये आणि मांडणी कोणा एकाची बाजू घेणारी नसावी. साधी बेरीज किंवा तिथीचा हिशेब संशोधनात मोडत नाही, म्हणून वरचा तोडगा चालला. चर्चेतले सारे युक्तिवाद या तीन खुंट्यांना टांगलेले असतात. 'मला वाटते' याला इथे भाव नाही आणि 'मी या विषयाचा प्राध्यापक आहे' यालाही नाही. प्राध्यापकाला पुस्तकाचे पान दाखवावे लागते तसेच शाळकरी मुलालाही, कारण पडद्यामागचा माणूस खरोखर कोण हे तपासायची सोयच नाही.

या आग्रहाचा सर्वांत गाजलेला फटका फिलिप रॉथ या अमेरिकन कादंबरीकाराला बसला. 'द ह्यूमन स्टेन' या त्याच्या कादंबरीचा नायक एका नामवंत समीक्षकावरून घेतल्याची वदंता इंग्रजी लेखात नोंदली होती. ती चूक आहे, असे खुद्द रॉथने कळवले. लेखक स्वतःच्या पुस्तकाबद्दल सांगतो आहे हे मान्य, पण दुय्यम स्रोत हवा, असे उत्तर त्याला मिळाले. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याने 'द न्यूयॉर्कर'मध्ये विकिपीडियाला लांबलचक अनावृत पत्र लिहिले, आणि ते पत्र छापून आल्यामुळे हवा असलेला स्रोत आपसूक तयार झाला. हा प्रकार हास्यास्पद म्हणून सांगितला जातो. पण लेखकाला स्वतःबद्दल हवे ते पुसू द्यायचे ठरवले, तर पुढाऱ्याला आणि कारखानदाराला नाही म्हणायला तोंड कुठून आणायचे, हाही प्रश्न उरतोच.

निर्णय मतांच्या संख्येवर होत नाही. निदान नियम तसा आहे. चर्चा पुरेशी झाली की त्यात न गुंतलेला एखादा जाणता सदस्य किंवा प्रचालक, म्हणजे जादा अधिकार असलेला सदस्य, सगळे वाचून कोणाचा मुद्दा पुराव्याने आणि धोरणाने टिकतो ते पाहतो आणि निष्कर्ष लिहितो. दहा जणांनी 'ठेवा' म्हटले आणि एकाने वाङ्मयचौर्य दाखवले, तर पारडे त्या एकाकडे झुकते. दरम्यान लेखात खेचाखेची होऊ नये म्हणून इंग्रजी विकिपीडियावर तीन उलटवणींची मर्यादा आहे. २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे काम उलटवले की खाते काही काळ बंद होऊ शकते. मग बोलणे भाग पडते.

बोलण्याला मात्र मर्यादा नाही. २०१३ च्या सुरुवातीला स्टार ट्रेक मालिकेतल्या 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' या चित्रपटाच्या नावात 'इन्टू'चे पहिले अक्षर मोठे लिहायचे की लहान, यावर ४० हजारांहून अधिक शब्द खर्ची पडले. शेवटी मोठे अक्षर जिंकले. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत म्हणून मराठीची या वादातून सुटका झाली, पण ऱ्हस्व-दीर्घाने तेवढी भरपाई करून ठेवली आहे. ग्दान्स्क या पोलंडमधल्या शहराचा वाद त्याहून खोल होता. शहर दोन देशांच्या इतिहासात वाटले गेलेले, जर्मन त्याला डान्झिग म्हणतात आणि प्रत्येक नावामागे युद्धांची आठवण. २००५ साली इंग्रजी विकिपीडियाने अपवाद करून सरळ मतदान घेतले. १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग, एरवी ग्दान्स्क, असे ठरले.

भारतीय विषयांवरचे वादही काही कमी नाहीत. इंग्रजी विकिपीडियावरचा गंगा नदीचा लेख 'गँजेस' याच नावाने आहे. ते बदलून 'गंगा' करावे असे प्रस्ताव पुन्हा पुन्हा आले आणि इंग्रजी ग्रंथांत कोणते नाव जास्त वापरात आहे या कसोटीवर अडले. लिप्यांचा तंटा वेगळा. गावाचे किंवा व्यक्तीचे नाव लेखाच्या आरंभी कोणकोणत्या भारतीय लिपीत द्यायचे आणि कोणती आधी, यावर रोज ओढाताण होऊ लागली. बेळगावसारख्या ठिकाणी ती कशी होत असेल हे मराठी वाचकाला सांगायला नको. २०१२ साली खुली चर्चा होऊन लेखाच्या प्रस्तावनेत भारतीय लिप्या देऊच नयेत असे ठरले. घरातल्या भांडणापायी दिवाच मालवला, अशी या निर्णयावर टीका करता येते. पण भांडण थांबले, हेही खरे.

सगळ्यात कडवट चर्चा लेख वगळण्याच्या असतात. इंग्रजीत त्या साधारण सात दिवस चालतात. प्रश्न एकच असतो : हा विषय कोशात येण्याइतका उल्लेखनीय आहे का, म्हणजे त्यावर इतरांनी, स्वतंत्रपणे, विश्वासार्ह ठिकाणी पुरेसे लिहिले आहे का? आपल्या गुरूंवर, गावावर किंवा कंपनीवर लेख लिहिणाऱ्याला ही कसोटी अपमानासारखी लागते. शिवाय ती सगळ्या भाषांना सारखी पडत नाही. एखाद्या अमेरिकन बँडबद्दलचा मजकूर दोन क्लिकांत सापडतो. आयुष्यभर तालुक्या-तालुक्यांत तमाशाचा फड घेऊन फिरलेल्या कलावंतिणीचे उल्लेख मात्र जुन्या दिवाळी अंकांत आणि जिल्ह्याच्या दैनिकांत पडून असतात, आणि ते अंक ग्रंथालयाच्या माळ्यावर. छापील संदर्भ नियमाने चालतो, पण तो शोधून पृष्ठांकासह देणारा माणूस लागतो. तो सात दिवसांत भेटला नाही तर लेख जातो.

मराठी विकिपीडिया मे २००३ मध्ये सुरू झाला आणि त्याने या व्यवहाराला स्वतःचे शब्द घडवले. सर्वांनी जमून बोलायची जागा म्हणजे 'चावडी', सराव करायचे पान 'धूळपाटी', मत मागणे म्हणजे 'कौल'. इंग्रजीतल्या रूक्ष संज्ञांपेक्षा हे शब्द कामाला जास्त जवळचे आहेत. चर्चेचे विषयही वेगळे. परदेशी नावे इंग्रजीच्या वळणाने लिहायची की मूळ उच्चाराने, म्हणजे म्युनिक की म्युन्शेन? हिंदीतून उचललेला शब्द ठेवायचा की बदलायचा? अडचण मात्र एकच आणि मोठी : चावडी आहे, पण रोज येऊन बसणारे थोडे. अनेक चर्चापाने कोरी असतात, आणि कोरे पान म्हणजे एकमत असे समजणे धोक्याचे असते.

तो धोका इतरत्र दिसून गेला आहे. २००५ मध्ये जॉन सीगनथालर या अमेरिकन पत्रकाराच्या इंग्रजी लेखात, केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता, अशी थाप कोणीतरी घातली. ती महिनोन्‌महिने तशीच राहिली, कारण त्या लेखाकडे कोणी नीट पाहिलेच नव्हते. त्यानंतर इंग्रजीत अनामिकांना नवे लेख सुरू करायची बंदी आली आणि हयात व्यक्तींबद्दलचे नियम कडक झाले. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरचे हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने लिहिले होते, हे २०२० साली उघड झाले. मुलाचा हेतू वाईट नव्हता, त्याला टोकणारे कोणी नव्हते एवढेच. क्रोएशियन विकिपीडियाची गोष्ट उलटी. तिथे टोकणारे होते, पण प्रचालकांच्या एका गटाने त्यांची खाती बंद केली आणि दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास राष्ट्रवादी रंगात रंगवला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या २०२१ च्या अहवालाने त्यावर बोट ठेवले.

अलीकडे असे वाद चर्चापानाबाहेर कोर्टकचेरीतही पोचले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुराला आक्षेप घेऊन महाराष्ट्र सायबर पोलिसांनी विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस धाडली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. त्याआधी, २०२४ मध्ये, एएनआय या वृत्तसंस्थेने केलेल्या बदनामीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्या खटल्यावरचे विकिपीडियाचे पान आणि त्यावरची चर्चा काढायला लावली होती. ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. टोपणनावाने, फुकट, रात्री जेवणानंतर तासभर काम करणाऱ्या माणसाला पोलिसी नोटीस म्हणजे काय याचा अंदाज करणे अवघड नाही.

चर्चापानावरचे काही फेकले जात नाही. पान लांबले की जुन्या चर्चा दप्तरात, म्हणजे क्रमांक दिलेल्या उपपानांत, हलवल्या जातात, बहुधा सांगकाम्याकडून. निकाल लागलेल्या चर्चेभोवती फिकट रंगाची चौकट येते आणि 'यात आता बदल करू नये' अशी सूचना लागते. डान्झिगचे मतदान आजही तिथे मत-मत करून वाचता येते. ज्याला ते मान्य नाही त्याने चौकटीत हात घालायचा नाही. नवा पुरावा हाती असेल तर खाली नवा मथळा टाकून पुन्हा सुरुवात करायची.