पतिरूपदेसवास : विद्यापीठाच्या छायेतील एका वस्तीचा बोध

आपल्या विहारांतून नित्य म्हटल्या जाणाऱ्या सुत्तांत मंगलसुत्ताचे स्थान मोठे आहे. सुत्तनिपात व खुद्दकपाठ या दोन्ही ग्रंथांत ते आले आहे. मंगल म्हणजे शुभ शकून, मुहूर्त किंवा ग्रहदशा, ही समजूत बाजूला सारून भगवंतांनी तेथे जीवनातील प्रत्यक्ष आचरणालाच मंगल म्हटले आहे. या मंगलांच्या मालिकेत ‘पतिरूपदेसवास’ हे एक मंगल आहे. त्याचा सरळ अर्थ अनुकूल प्रदेशात निवास. गृहप्रवेशाच्या प्रसंगी आपण हे सुत्त म्हणतो आणि या शब्दाचा अर्थ ‘चांगल्या वस्तीतले घर’ एवढाच घेऊन पुढे जातो. तो इतका तोकडा नाही.

दोन गोष्टी वाचकांनी लक्षात घ्याव्यात. पहिली, सुत्ताच्या क्रमात पतिरूपदेसवास आधी येतो आणि बाहुसच्च, म्हणजे बहुश्रुतता, त्यानंतर येते. माणूस कोठे व कोणाच्या शेजारी राहतो, हा प्रश्न विद्येच्या अगोदरचा आहे. दुसरी, अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात चार चक्रे सांगितली आहेत : अनुकूल प्रदेशात निवास, सत्पुरुषांचा आश्रय, स्वतःला योग्य मार्गाला लावणे आणि पूर्वी केलेले पुण्य. गाडा चार चाकांवर चालतो. एकटे पहिले चाक असून भागत नाही.

अनुकूल प्रदेश कोणता? अट्ठकथेचे उत्तर स्पष्ट आहे. जेथे भिक्षू, भिक्षुणी, उपासक व उपासिका या चारही परिषदांचा वावर आहे, जेथे दानादी कुशल कर्मे घडतात आणि जेथे शास्त्याचे शासन प्रकाशमान आहे, तो प्रदेश. या व्याख्येत रुंद रस्ते नाहीत, नदीकाठ नाही, उच्चकुलीन शेजारही नाही. या कसोटीवर एक ऐतिहासिक वस्ती तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती वस्ती म्हणजे कलकत्त्यातील, म्हणजे आजच्या कोलकात्यातील, विद्यापीठालगतचा कॉलेज स्क्वेअर व बऊबाजार हा परिसर. आधुनिक भारतातील पाली विद्येच्या पुनरुज्जीवनाचा मोठा भाग येथे घडला आणि महाराष्ट्रात पाली आली तीही काही अंशी याच वाटेने.

विद्येची पेठ

कॉलेज स्क्वेअर हा मुळात एक तलाव. जुने लोक त्याला गोलदिघी म्हणत. १८२४ साली स्थापन झालेले संस्कृत कॉलेज त्याच्या काठी उभे राहिले. १८१७ चे हिंदू कॉलेजही पुढे याच परिसरात आले आणि १८५५ साली त्यातूनच प्रेसिडेन्सी कॉलेज निर्माण झाले. मेडिकल कॉलेज १८३५ चे. २४ जानेवारी १८५७ रोजी कलकत्ता विद्यापीठाचा कायदा झाला. हजारोंच्या संख्येने विद्यार्थी येऊ लागले तेव्हा त्यांच्या मागोमाग पुस्तकविक्रेते, छापखाने व खाणावळी आल्या. आजही कॉलेज स्ट्रीटच्या पदपथावर जुन्या-नव्या पुस्तकांच्या टपऱ्यांची रांग आहे. बंगाली लोक या भागाला ‘बोईपाडा’, म्हणजे पुस्तकांची आळी, म्हणतात. अल्बर्ट हॉलमधील कॉफी हाउस तर वादविवादाचे केंद्र म्हणून देशभर ठाऊक आहे.

असा परिसर पाहून कोणीही म्हणेल, हाच अनुकूल प्रदेश. परंतु तो कोणासाठी अनुकूल होता, हा प्रश्न बौद्ध वाचकाने विचारलाच पाहिजे.

दार आणि उंबरठा

संस्कृत कॉलेजात आरंभी केवळ ब्राह्मण व वैद्य जातींच्या मुलांना प्रवेश होता. ईश्वरचंद्र विद्यासागर प्राचार्य झाल्यावर १८५१ साली कायस्थांना आणि १८५४ साली इतर ‘प्रतिष्ठित’ हिंदूंना प्रवेश मिळाला. ही सुधारणा त्या काळी धाडसाची होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही ‘प्रतिष्ठित’ या एका शब्दाने बहुसंख्य समाज बाहेरच राहिला.

पुढे कायद्याने दारे उघडली तेव्हा प्रश्न वर्गातून निघून वसतिगृहात आला. थोर भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा १९११ साली डाक्क्याहून प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. मागास समजल्या जाणाऱ्या जातीत त्यांचा जन्म झालेला होता. त्यांच्या वास्तव्याच्या हिंदू वसतिगृहातील उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंक्तीला बसून जेवण्यास नकार दिला. वर्गात एका बाकावर बसणारी मुले जेवणाच्या पंक्तीत मात्र बसत नव्हती. विद्यापीठाने प्रवेश दिला, वस्तीने दिला नाही. विद्यार्थी दिवसाचे चार-पाच तास वर्गात असतो, उरलेला वेळ वस्तीत असतो. तो वेळ अपमानात गेला तर विद्येचा पाया खचतो. बडोद्यास नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना राहावयास जागा मिळू नये, हा प्रसंग आपणा सर्वांस ठाऊक आहे. पदवी होती, पद होते, निवास नव्हता.

विहारांचा आश्रय

याच परिसरात दोन विहार उभे राहिले, आणि त्यांनी दुसरे चक्र, म्हणजे सत्पुरुषांचा आश्रय, पुरवले.

पहिला विहार बऊबाजारातला. चितगावच्या बौद्ध कुटुंबात १८६५ साली जन्मलेले कृपाशरण महास्थविर कलकत्त्यास आले तेव्हा शहरातील बंगाली बौद्ध हा विखुरलेला, गरीब व दुर्लक्षित समाज होता. त्यांनी ५ ऑक्टोबर १८९२ रोजी बौद्ध धर्मांकुर सभा स्थापन केली. १९०३ साली धर्मांकुर विहार उभा राहिला. १९०८ साली ‘जगज्ज्योती’ हे मासिक निघाले. ग्रंथालयही झाले. चितगावहून येणाऱ्यांना महानगरात आपले म्हणावे असे एक ठिकाण मिळाले. कृपाशरण स्वतः विद्यापीठीय पंडित नव्हते. पण आपल्या समाजाची मुले पंडित झाली पाहिजेत, हे त्यांना पक्के कळले होते.

दुसरा विहार कॉलेज स्क्वेअरच्या अगदी काठी, विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर आहे. अनागारिक धम्मपाल यांनी १८९१ साली कोलंबो येथे स्थापन केलेल्या महाबोधी सभेचे कार्य लवकरच कलकत्त्याहून चालू लागले. १८९२ पासून तिचे ‘महाबोधी’ हे नियतकालिक निघू लागले. धर्मराजिक चैत्य विहार नोव्हेंबर १९२० मध्ये खुला झाला आणि तेथे भट्टिप्रोलू स्तूपातील पवित्र धातू प्रतिष्ठापित झाले. विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले सर आशुतोष मुखर्जी हे महाबोधी सभेचे अध्यक्ष होते. एकच व्यक्ती विद्यापीठ व विहार या दोन्ही ठिकाणी जबाबदारीने वावरत होती, याला महत्त्व आहे.

याचा परिणाम विद्येवर झाला. १९०१ साली सतीशचंद्र विद्याभूषण पालीची एम.ए. परीक्षा देण्यास निघाले तेव्हा भारतात योग्य परीक्षक नव्हता. लंडनच्या ऱ्हिस डेव्हिड्स यांना ते काम करावे लागले. १९०७ साली आशुतोषांच्या कारकिर्दीत विद्यापीठात पालीच्या पदव्युत्तर अध्यापनाची सोय झाली. चितगावच्याच बौद्ध समाजातील बेणीमाधव बरुआ यांनी १९१७ साली लंडन विद्यापीठाची डी.लिट. संपादन केली. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात पालीचे प्राध्यापक झाले. ज्या विषयासाठी परीक्षक परदेशातून मिळवावा लागत होता, त्या विषयाचे अध्यापन दोन दशकांच्या आत एका बौद्ध कुटुंबातील विद्वानाकडे आले.

कोसंबींची वाट

महाराष्ट्राचा दुवा येथेच जुळतो. गोव्यातील साखवळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी सिलोन व ब्रह्मदेश येथे पाली शिकून १९०६ साली कलकत्त्यास होते. बऊबाजार रस्त्यावर त्या वर्षी सुरू झालेल्या नॅशनल कॉलेजात व नंतर विद्यापीठात त्यांनी पाली शिकविली. बहुभाषाकोविद हरिनाथ डे यांचा स्नेह त्यांना तेथे लाभला. पाली शिकविणाऱ्याला मान, वेतन व विद्यार्थी देणारी अशी वस्ती त्या काळी भारतात दुसरी क्वचितच असेल.

तरीही कोसंबींनी ती सोडली. महाराष्ट्रात राहून बौद्ध धम्मावर मराठीत लेखन करावे, या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेली दरमहा ५० रुपयांची अल्प वृत्ती त्यांनी स्वीकारली. हे तिसरे चक्र, अत्तसम्मापणिधि, म्हणजे स्वतःला योग्य दिशेला लावणे. वस्ती अनुकूल आहे म्हणून तेथेच सुखाने राहणे हे मंगल नव्हे. तेथे मिळालेले घेऊन ते नसेल तेथे जाणे हे मंगल आहे. डॉ. रा. गो. भांडारकर यांच्या साहाय्याने त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीचा प्रवेश घडविला. १९१२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी तयार केले. पुढे १९३७ च्या सुमारास मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी ‘बहुजन विहार’ उभारला. विद्यापीठाजवळ विहार त्यांनी कलकत्त्यास पाहिला होता. येथे त्यांनी श्रमिकांच्या चाळींजवळ विहार नेला.

आणि बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांच्या धम्माचे भवितव्य’ हा सुप्रसिद्ध लेख १९५० साली प्रसिद्ध झाला तो कलकत्त्याच्या याच ‘महाबोधी’ नियतकालिकात.

पूर्वी केलेले पुण्य

चौथे चक्र ‘पुब्बे कतपुञ्ञता’. परंपरेने त्याचा अर्थ पूर्वजन्मीचे पुण्य असा केला आहे. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने आजची स्थिती ठरते ही कल्पना नाकारली, आणि ती नाकारणे आवश्यकच होते. त्याच कल्पनेच्या आधारे अस्पृश्यता न्याय्य ठरविली गेली. परंतु वस्तीच्या संदर्भात या शब्दाला एक निर्मळ अर्थ देता येतो. हा अर्थ अट्ठकथेचा नव्हे, प्रस्तुत लेखकाचा आहे. ऐतिहासिक वस्तीत राहणारा माणूस आपल्या आधीच्या पिढ्यांनी केलेल्या कामावर राहतो. त्यांनी बांधलेला विहार, जमवलेले ग्रंथ, सोसलेला अपमान व मोडलेली बंधने, हेच आपले पूर्वी केलेले पुण्य. ते मागील जन्मात नाही, मागील पिढीत आहे.

ते टिकवावे मात्र आपणच लागते. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस भुयारी रेल्वेच्या खोदकामामुळे बऊबाजारातील दुर्गा पितुरी लेन व लगतच्या गल्ल्यांतील जुनी घरे खचली. शेकडो रहिवाशांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागले. मे २०२० च्या अम्फान वादळात कॉलेज स्ट्रीटवरील पुस्तके पाण्यात भिजून लगदा झाली. शंभर-दीडशे वर्षांची वस्तीही अनित्यच आहे. अनित्यता सांगून हात झटकणे ही धम्माची शिकवण नाही. अनित्य आहे म्हणूनच अप्रमाद हवा.

आपला पतिरूप देस

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. औरंगाबाद येथे, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली महाविद्यालय सुरू करताना त्यांनी केवळ वर्गखोल्यांचा विचार केला नाही. वसतिगृहांसह एक संपूर्ण परिसर कल्पिला आणि त्याला नागसेनवन हे नाव दिले. दूरच्या खेड्यातील मुलाला तेथे पंक्ती मिळाली, दिवा मिळाला, शेजार मिळाला. त्या परिसराच्या शेजारी १९५८ साली विद्यापीठ आले. इतरत्र विद्यापीठाशेजारी वस्ती झाली. येथे वस्ती आधी होती, विद्यापीठ नंतर आले.

‘विहार’ या शब्दाचा धातूच मुळी ‘विहरति’, म्हणजे राहतो, हा आहे. जेथे राहता येते तो विहार. आज आपल्या बहुतेक नगरांत विहार आहेत. २०२४ साली पाली भाषेला मराठी व बंगालीबरोबर अभिजात दर्जाही मिळाला. परंतु परीक्षेच्या दिवसांत गावाकडून आलेल्या मुलीला रात्री दहानंतर दिव्याखाली बसण्यास जागा आपल्या विहारात आहे काय? आडनाव ऐकून घरमालकाने परत पाठविलेल्या विद्यार्थ्याला तेथे चार दिवस पाठ टेकता येते काय? पाली शिकविणारी एक व्यक्ती आठवड्यातून एकदा तरी तेथे येते काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येतील त्या दिवशी आपली वस्ती पतिरूप देस होईल, मग विद्यापीठ शेजारी असो वा दहा कोस दूर असो.