साताऱ्यापासून सांगलीपर्यंत एकच खाच

एलपीच्या एका बाजूवर खाच एकच असते. दिसतात शेकडो, पण कडेला टेकवलेली सुई मध्यापर्यंत जाते ती एकाच अखंड वाटेनं. बारा इंची तबकडी, मिनिटाला ३३ १/३ फेरे आणि बावीस मिनिटांची बाजू धरली तर ७३३ फेरे होतात. कडेचे फेरे मोठे, आतले लहान. सरासरी काढून गुणाकार केला की एका बाजूची खाच सुमारे ४७५ मीटर भरते, दोन्ही बाजूंची मिळून साडेनऊशे मीटर.

सातारा ते सांगली अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. १३२ एलपींच्या खाचा सरळ करून जोडल्या, तर पोवई नाक्यावरून निघालेली रेघ उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीत पोचेल. सुईला ही वाट चालायला चार दिवस नि चार रात्री लागतील. तिचा वेग ताशी जेमतेम १.३ किलोमीटर. आणि एवढा सगळा रस्ता कपाटाच्या एका कप्प्यात मावतो!

सांगलीच्या पुढे दहा किलोमीटरवर मिरज. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथं स्थायिक झाले, १९३७ साली वारल्यावर त्यांचं दफनही इथंच झालं. त्यांच्या वाट्याला आल्या त्या लाखेच्या तबकड्या: दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला सव्वातीन मिनिटं. त्या बाजूची खाच भरते सुमारे १३० मीटर. रात्र रात्र गाणाऱ्या माणसाला १३० मीटर! तरीही तेवढ्यात त्यांनी झिंझोटी उभी केली, आणि ती तबकडी ऐकून गदगचा भीमसेन नावाचा मुलगा १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. कोलंबिया कंपनीनं अमेरिकेत एलपी आणली ती जून १९४८ मध्ये. खाँसाहेबांना जाऊन तेव्हा जवळजवळ अकरा वर्षं झाली होती. ही चुकामूक मला आजही चटका लावते.

जागा वाढली ती खाच बारीक झाल्यामुळे. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असे, तिच्यात खाच साधारण ०.१५ मिलिमीटर रुंद ठेवावी लागे. गुळगुळीत विनाइलमध्ये ती ०.०५ मिलिमीटरवर आली, म्हणजे केसाहूनही अरुंद.

आता त्या खाचेत मिरजेचा तंबोरा लावा. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला, जवारी नीट साधलेला. काळी एकचा खर्जाकडचा षड्ज सेकंदाला सुमारे १३८ वेळा कंप पावतो. बावीस मिनिटांत १ लाख ८२ हजारांहून अधिक लाटा. तबकडीच्या कडेला अशी एक लाट ३.७ मिलिमीटर लांब असते. सुई आत सरकते तशी ती आखडत जाते आणि शेवटी दीड मिलिमीटर उरते. फेऱ्यांचा वेग तोच, पण आतलं वर्तुळ लहान. कानाला षड्ज मात्र तसूभरही हलत नाही. जवारीतून उठणारा पाच हजार कंपनांचा झंकार आतल्या टोकाला ०.०४ मिलिमीटरमध्ये बसवलेला असतो.

ख्यालाची गंमत इथंच आहे. विलंबितातल्या संथ आलापाला बाहेरची प्रशस्त जागा मिळते, आणि द्रुत ताना, जिथं सेकंदाला सर्वांत जास्त स्वर, त्या नेमक्या सर्वांत चिंचोळ्या भागात येतात. उत्तम मुद्रण नि उत्तम सुई यांची परीक्षा शेवटच्या पाच मिनिटांत होते.

या सगळ्यावरून फिरणाऱ्या सुईचा भार दोन ग्रॅम. पण तो शंभर चौरस मायक्रॉनवर पेलला जातो असं धरलं, तर दाब चौरस सेंटिमीटरला दोन टन होतो. धुळीचा कण मधे आला की तोही त्याच दाबानं खाचेत रुतणार.

तेव्हा साताऱ्या-सांगलीत कुणाच्या माळ्यावर एलपींचा गठ्ठा पडला असेल, तर तो उतरवा. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. खाचेला बोट लावू नका, मऊ ब्रशनं धूळ काढा. आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी चांगल्या सुईखाली प्रत्येक बाजू शेवटपर्यंत ऐका.