मावळंकरांना मत देणारे मोरे

मावळंकर हे आडनाव ऐकलं की कुसगाव-लोणावळ्याकडच्या माणसाला ते आपल्या मावळातलेच वाटतात. पण गणेश वासुदेव मावळंकरांचं मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, जन्म १८८८ चा, बडोद्याचा आणि सारी कारकीर्द अहमदाबादची. लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाने अधिक भुरळ घातली आहे.

१९४६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध मावळंकर ६६ विरुद्ध ६३ असे काठावर तरले होते. १५ मे १९५२ ला लोकसभेत तशी धाकधूक नव्हती. नेहरूंनी त्यांचं नाव सुचवलं. विरोधी बाकांवरून शंकर शांताराम मोरे यांचं नाव पुढे आलं. सुचवणाऱ्यांत केरळचे ए. के. गोपालन होते. मोरे सोलापूरचे खासदार, केशवराव जेध्यांच्या बरोबरीने शेतकरी कामगार पक्ष उभा करणारे. म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेत अध्यक्षपदाची लढत दोन मराठी माणसांत झाली आणि आपण ती साफ विसरलो!

मतं पडली ३९४ विरुद्ध ५५. काँग्रेसचे खासदार होते साधारण ३६४, म्हणजे बाहेरूनही काही मतं आली. त्या ३९४ मध्ये एक मत खुद्द मोऱ्यांचं होतं. ब्रिटिश संसदेच्या रिवाजाला धरून उमेदवाराने स्वतःऐवजी प्रतिस्पर्ध्याला मत दिलं. हरणार हे ठरलेलंच होतं, मग त्यात काय मोठेपणा, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. लढत अध्यक्षपदासाठी होती, माणसाविरुद्ध नव्हती, हे त्यांनी कृतीने दाखवलं.

अडीच वर्षांनी, डिसेंबर १९५४ मध्ये, याच मावळंकरांना हटवण्याचा ठराव आला. तहकुबी सूचना आणि प्रश्न नाकारून ते सत्ताधाऱ्यांना झुकतं माप देतात, हा आक्षेप. घटनेच्या ९६ व्या कलमाप्रमाणे खुर्चीवर ते नव्हते, उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार होते. नेहरूंनी आपल्या सदस्यांना व्हिपने बांधलं नाही आणि बोलायला विरोधकांना जास्त वेळ द्यावा असं सुचवलं. ठराव फेटाळला गेला. गंमत अशी की त्याच वर्षी जुलैत मावळंकरांनी नेहरूंना पत्र लिहून अध्यादेशांच्या सोसावर नापसंती कळवली होती. म्हणजे ते सरकारच्या ओंजळीने पाणी पिणारे नव्हतेच.

ज्याला हटवायचं त्याने त्या बैठकीच्या खुर्चीत बसायचं नाही, हा नियम आपल्या गावकीलाही नवा नाही. कुसगावच काय, कुठल्याही ग्रामपंचायतीत सरपंचावर अविश्वास आला की त्या बैठकीला तहसीलदार बसतो. सरपंच स्वतः नाही. मुंबईच्या विधानभवनात २०२२ मध्ये गुंता याच्याही पुढचा झाला. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांना हटवण्याची नोटीस आली होती आणि त्यांनीच सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा धाडल्या होत्या. ज्याचं पद पणाला लागलं आहे त्याने इतरांच्या पदाचा निवाडा करावा का? २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा प्रश्न सात जणांच्या पीठाकडे धाडला.