पासष्ट किलोंची जागा

बँकेच्या नोकरीत सोनेतारण कर्जाच्या निमित्ताने मी बरीच वर्षे तराजूसमोर बसलो. सराफ पाटली तराजूत टाकी आणि आकडा सांगे. पाटली पाटलीणबाईंची की मोलकरणीची, याच्याशी त्या आकड्याला कर्तव्य नसे. महिलांच्या कुस्तीबद्दल वाचताना मला हा तराजू हटकून आठवतो. मुलीला आखाड्यात हक्काची जागा मिळाली त्यात वजनगटांचा वाटा मोठा आहे. आणि आज तिची कोंडी होते तीही तिथेच.

मी राहतो ते उरवडे मुळशी तालुक्यात. तालुका कुस्तीचा. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी करणारे मामासाहेब मोहोळ इथल्याच मुठा गावचे. आमच्याकडे जत्रेच्या हगाम्यात जोड लागते ती नजरेने. दोन पोरे पुढे येतात, पंच त्यांची उंची, मान, दंड पाहतात आणि हलगी कडाडते. रेवड्यांच्या कुस्तीपासून इनामाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत हाच हिशेब. त्यात मौज आहे, शंकाच नाही. पण नजरेला जे पाहायची सवय असते तेच तिला दिसते. मुलगी त्या नजरेत कितीतरी वर्षे आलीच नाही.

हमीदा बानूचे उदाहरण पाहा. १९५४ साली मुंबईत तिने व्हेरा चिस्टिलिन या रशियन महिला मल्लाला मिनिटाच्या आत हरवले. देशात तिच्या तोडीची बाई मिळेना, म्हणून ती पुरुषांना आव्हान देई. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती मात्र स्थानिक विरोधामुळे रद्द करावी लागली. अंगात ताकद होती, पण तिला बसवायचे कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

ती जागा फार उशिरा तयार झाली. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली नॉर्वेत झाली. ऑलिंपिकचे दार २००४ साली अथेन्सला उघडले, तेही चार वजनगटांपुरते. आपल्याकडे महाराष्ट्र केसरी किताब १९६१ पासूनचा. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली ती २०२३ साली, म्हणजे बासष्ट वर्षांनी. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने अंतिम लढतीत कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली.

हीच वैष्णवी सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत ६५ किलो गटात भारताकडून उतरली. हरियाणाच्या मुलींनी भरलेल्या संघात महाराष्ट्राची मुलगी दिसणे ही साधी गोष्ट नव्हे. पदक तिला मिळाले नाही; भारताला त्या स्पर्धेत एकच पदक मिळाले, अंतिम पंघालचे ५३ किलोतले कांस्य.

आता हिशेब पाहा. झाग्रेबला महिलांचे दहा गट होते : ५०, ५३, ५५, ५७, ५९, ६२, ६५, ६८, ७२ आणि ७६. पॅरिस ऑलिंपिकमध्ये यातले सहाच होते. ५५, ५९, ६५ आणि ७२ नव्हते. म्हणजे पासष्ट किलोच्या मुलीला ऑलिंपिकचे स्वप्न पाहायचे तर तीन किलो उतरून ६२ मध्ये जावे, नाहीतर चढून ६८ मध्ये. तीन किलो हा आकडा तुम्हाआम्हाला किरकोळ वाटेल. सरावाने आधीच कसलेल्या शरीरात उतरवायला चरबी फारशी उरलेली नसते; मग जाते ते पाणी आणि त्याबरोबर ताकद. वर जावे तर समोर मुळातच जड हाडापेराच्या मुली उभ्या.

विनेश फोगटचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. ५३ किलोतली देशाची जागा अंतिमने मिळवली होती, म्हणून विनेश ५० मध्ये उतरली. ६ ऑगस्ट २०२४ रोजी तिने जपानच्या युई सुसाकीला हरवले आणि अंतिम फेरी गाठली. त्या रात्री व्यायाम झाला, वाफ घेतली, केस कापले. सकाळी तराजूने शंभर ग्रॅम जास्त दाखवले आणि ती बाद झाली. नियम सर्वांना सारखाच होता, हे मान्य. पण शरीर एका आकड्याचे आणि रिकामी जागा दुसऱ्या आकड्याची, हा पेच तराजूने घातलेला नव्हता.

मला काळजी वाटते ती चौदा वर्षांच्या पोरींची. या वयात अंग वाढणारच. अशा वेळी 'खालच्या गटात जागा आहे, उतर' असे सांगणे सोपे असते. उपाशी राहून जिंकलेले पदक घरात टांगले जाते. पाळीच्या आणि हाडांच्या तक्रारी मात्र तिच्या एकटीच्या खात्यावर पडतात. माझ्या हातून विहिरीला, गाईला, ट्रॅक्टरला कर्जे गेली. मुलीच्या खुराकासाठी कर्ज मागायला कुणी आले नाही. तो खर्च आई-बाप पोटाला चिमटा काढून करतात.

हगाम्याच्या इनामाला गावे सढळ हाताने वर्गणी देतात. त्यातला थोडा पैसा तालमीत येणाऱ्या मुलींच्या दूध-अंड्यांसाठी आणि वर्षातून दोनदा डॉक्टरी तपासणीसाठी काढून ठेवायला काय हरकत आहे? तालमीत वजनकाटा असावा, वहीही असावी. फक्त त्या वहीत मुलीचे वजन महिन्यागणिक वाढताना दिसले, तर वस्तादाने आनंद मानावा आणि तिला वरच्या गटाची तयारी करायला सांगावे.