'सेगालक' : कोल्ह्याचे विशेषण

पनवेलच्या खाडीकाठी तिवरांच्या झाडीत आजही कोल्हे आहेत. तिन्हीसांजेला त्यांची कुई ऐकू येते. अशाच एका सायंकाळी सिगालोवाद सुत्ताचे वाचन संपल्यावर एका उपासकाने आम्हांस विचारले, "सिगाल म्हणजे कोल्हा. मग भगवंतांनी ज्याला गृहस्थधर्म सांगितला, त्या तरुणाचे नाव असे लबाडीचे कसे?"

प्रश्न मार्मिक आहे. 'कोल्हा' म्हणताच आपल्या तोंडी 'लबाड' येते. इंग्रजीतील 'व्हल्पाइन' हे विशेषण लॅटिन 'व्हल्पेस', म्हणजे खोकड, या शब्दावरून आले. तेही धूर्त माणसास लावतात. (खोकड व कोल्हा हे प्राणी निराळे, लौकिक मात्र एकच.) अमरकोशात कोल्ह्याची नावे भूरिमाय, वञ्चक, मृगधूर्तक अशी आहेत. जन्मासोबतच दोष नावात लिहून टाकलेला! अमरसिंह बौद्ध होता असे परंपरा मानते, तरीही. मात्र त्याच यादीत 'क्रोष्टु' हा शब्द आहे. तो 'क्रुश्', म्हणजे ओरडणे, या धातूपासून झाला. त्यात निंदा नाही, केवळ आवाज आहे.

पाली विशेषणही आवाजाकडेच जाते. 'सिगाल'पासून 'सेगालक', म्हणजे कोल्ह्याचे, कोल्ह्यासारखे. काही प्रतींत 'सिङ्गालक' असा पाठ आहे. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात सरभ नावाचा परिव्राजक येतो. संघ सोडून तो राजगृहात सांगत फिरे की, शाक्यपुत्रीय श्रमणांचा धम्म आपण जाणला आणि जाणूनच सोडला. भगवंत सप्पिनी नदीकाठी त्याच्याकडे गेले. काय जाणलेस ते सांग, अपुरे असेल तर आम्ही पूर्ण करू, असे त्यांनी तीनदा म्हटले. सरभ गप्प. भगवंत गेल्यावर त्याच्याच सोबत्यांनी त्यास म्हाताऱ्या कोल्ह्याची उपमा दिली: सिंहनाद करावयास गेला आणि निघाले ते सेगालक. येथे लबाडीचा उल्लेखच नाही. न जाणता जाणल्याचा दावा केला, हा दोष. आणि तो कृतीचा आहे.

संयुत्त निकायात तर भगवंत म्हणतात की, पहाटे ओरडणाऱ्या म्हाताऱ्या कोल्ह्यात काही कृतज्ञता असू शकेल, पण स्वतःस शाक्यपुत्रीय म्हणविणाऱ्या एखाद्यात तीही नसते. भिक्खूंना हे ऐकविले गेले, हे विसरता कामा नये.

उपासकास आम्ही एवढेच सांगितले की, ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडणाऱ्या सिगालाला भगवंतांनी विचारले ते त्या नमस्काराविषयी, नावाविषयी नव्हे.